भिंतीवरचा समुद्र

"माणसांकडे बघत बसू नका, पुतळीताई," संदीप सर म्हणाला. "ती नुसती माप कळावं म्हणून काढलीत."

सर म्हणते मी त्याला, पण 'म्हणाले' काही म्हणणार नाही. आधी सगळं ऐकून घ्या, मग तुम्हीच ठरवा त्याला किती मान द्यायचा ते.

जव्हारहून शिरपामाळाकडे जाणाऱ्या रस्त्याला एक नवं रिसॉर्ट उभं राहत होतं. संदीप ठाण्याचा, तिथली आतली सजावट त्याच्याकडे. जेवणाच्या हॉलमधली एक अख्खी भिंत त्यानं मला दिली. बावीस फूट लांब, दहा फूट उंच, गेरूसारखा दिसणारा डब्यातला रंग मारून तयार ठेवलेली. मी वारली चित्रं वीस वर्षं काढतेय. पोशेऱ्याजवळच्या आमच्या पाड्यावर कुणाचं लग्न निघालं की चौक काढायला पहिली हाक मला. मुंबईच्या प्रदर्शनातही चारदा बसून आलेय. मला वाटलं, यालाही तारपा नाच हवा असेल, नाहीतर भातलावणी. शहरातून येणाऱ्या सगळ्यांना तेच हवं असतं.

याला हवा होता समुद्र!

त्यानं टेबलावर एक भलंमोठं छापील चित्र पसरलं. दोनशे वर्षांपूर्वी कुण्या इंग्रजानं काढलेलं. वादळ, मावळता सूर्य, फुटलेलं जहाज. "याला रोमँटिक चित्र म्हणतात," तो म्हणाला. मी म्हटलं, रोमँटिक म्हणजे तर नवरा-बायको बागेत बसतात ते. तो हसला. म्हणाला, "तसं नाही हो. निसर्ग केवढा अफाट आणि त्याच्यापुढे माणूस केवढासा, ते दाखवायचं. डोंगरात बसलेल्या पाहुण्यांसमोर समुद्र, विचार करा! तुमच्या स्टाइलमध्ये काढा. फ्युजन."

मग त्यानं मला उजेड समजावून सांगितला, आणि खोटं कशाला बोलू, बरा समजावला. सूर्याच्या पोटात जवळजवळ पांढरा रंग, त्याच्याभोवती पिवळा, मग केशरी, मग तांबडा, आणि कडेला गेल्यावर काळपट निळा. पांढरा रंग कसा सुरीनं थापल्यासारखा जाड लावलाय आणि तांबडा कसा पाण्यासारखा पातळ पसरलाय, ते त्यानं बोट ठेवून दाखवलं. सूर्यापासून पाण्यावरून एक झगझगीत वाट निघते आणि बघणाऱ्याच्या पायाशी येते. "या चित्राचा हिरो उजेड आहे," तो म्हणाला.

मी खाली उजव्या कोपऱ्यात बघत होते. तिथं एका तुटक्या फळीला चार माणसं लटकली होती आणि दोन पाण्यात होती. पाण्याचाच तपकिरी रंग घेऊन रंगवलेली, त्यामुळे पटकन दिसत नव्हती. मी विचारलं, "हे कोण?" तर म्हणे, माप कळावं म्हणून. माणूस एवढासा म्हणजे लाट केवढी, याचा अंदाज यावा म्हणून!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी तोंड बंद ठेवलं. मला ती भिंत हवी होती.

का हवी होती ते सांगते.

माझा नवरा देवराम चार वर्षांपूर्वी दसरा झाल्यावर बोटीवर गेला. आमच्याकडे भात-नागली घरात आली की निम्मा पाडा रिकामा होतो. कुणी वीटभट्टीवर जातो, कुणी रेतीवर, कुणी खलाशी म्हणून गुजरातेतल्या बंदरांवर. देवरामला पोहायला येत होतं, पण ते ओढ्याच्या डोहात. समुद्र त्यानं पहिल्यांदा बघितला तो थेट बोटीवरूनच. फाल्गुनात मुकादमाचा फोन आला की देवराम नाही. नाही म्हणजे? तर तांडेल, म्हणजे बोटीचा मुख्य माणूस, सांगतो की बोट बंदराला लागली तेव्हा तो उतरला आणि परत आलाच नाही. पळाला असेल. तिकडे बाई ठेवली असेल. झालं, विषय संपला. कुणी कागदावर एक ओळ लिहिली नाही.

शेजारच्या पाड्यावरचा लक्ष्मण त्याच बोटीवर होता. तो मला महिनाभरानं मोहाखाली भेटला. मी फुलं वेचत होते. तो म्हणाला, "वहिनी, जाळं टाकताना दोर त्याच्या पायाला गुंडाळला. डोळ्यासमोर गेला. बोटीनं दोन फेऱ्या मारल्या, मग तांडेल बोलला, चला." आणि लगेच पुढे म्हणाला, "चारचौघांत विचारशील तर मी काय बघितलं नाय असं सांगेन. मला पुढच्या साली त्याच बोटीवर जायचंय." त्याचा गळा धरावा असं वाटलं मला. पण त्याचंही पोट त्या बोटीवर होतं, आणि तो सांगून गेला हेच खूप होतं.

मी घरी येऊन सासूला सांगितलं. धोंडीबाई तिचं नाव. तिनं ऐकूनच घेतलं नाही. "लक्ष्मण बेवडा हाय," म्हणाली. "माझा पोऱ्या पळालाय. येल तो." चार वर्षं हेच. मुलगा बायकोला टाकून दुसरीकडे राहतोय, हे तिला चालत होतं. कारण त्यात तो जिवंत होता! मी एकदा म्हटलं, "आये, त्याचे दिवस घालू, कार्य करू." तर तीन दिवस तिनं भाकरीला हात लावला नाही. मेला म्हणावं तर म्हातारी मरायला टेकते, पळाला म्हणावं तर माझा जीव जळतो. बरं, पाड्यावरच्या लोकांच्या जिभेला काय हाड! बाया मला विचारायच्या, तिकडे त्याला पोरंबिरं झाली का गं?

आणि यातलं सगळ्यात वाईट म्हणजे चौक.

आमच्यात लग्नघरातल्या भिंतीवर देवीचा चौक काढतात. त्याशिवाय लग्न लागत नाही. आणि तो काढायचा सवाष्णीनंच. नवरा गेलेल्या बाईनं त्या भिंतीला हात लावायचा नाही, मग तिचा हात कितीही चांगला असो. धोंडीबाईला हे चांगलंच माहीत. म्हणून कुणाचं लग्न ठरलं की मला न विचारता तीच सांगून मोकळी व्हायची, माझी सून येईल चौकाला. मी चौक काढला म्हणजे देवराम आहे. मी रंगवायची काडी उचलली म्हणजे तो आणखी एक वर्ष जगला. चार वर्षांत मी अकरा चौक काढले. अकरा घरांतल्या देवीसमोर तांदळाच्या पिठानं खोटं लिहून आले. लोकही मुकाट काढू द्यायचे, कारण माझ्यासारखा चौक दुसऱ्या कुणाला येत नव्हता. त्यांनाही माझा हात हवा होता, नवऱ्याचं खरं कुणाला हवं होतं?

आमच्यात बाईनं दुसरा नवरा केला तरी कुणी नाक मुरडत नाही. मला लोक म्हणालेही, कर एखादा. मला नवरा नको होता. माझा माणूस पळपुटा नव्हता, तो कामावर मेला, एवढंच मला कुठंतरी मांडायचं होतं. लग्नाच्या भिंतीवर ते मांडता येत नाही. रिसॉर्टच्या भिंतीवर कोण अडवणार? तिथं देवी नव्हती. तिथं समुद्र काढायला सांगणारा माणूस समोर चहा पीत बसला होता.

मी हो म्हटलं.

मदतीला माझी नणंद माघी आली, देवरामची धाकटी बहीण. पहिले तीन दिवस मी नुसती त्या छापील चित्रासमोर बसून होते. माघी म्हणायची, "वहिनी, काढ की आता." अगं काय काढ? आमच्या चित्रात सूर्य असतो, पण तो वर एका जागी बसलेला असतो. तो कुणावर पडत नाही. झाडाला सावली नसते, माणसाला उजवी-डावी बाजू उजळ-काळोखी नसते. सगळ्यांना सारखा पांढरा. त्या गोऱ्यानं ढिगानं रंग वापरून जे केलं होतं ते मला एका पांढऱ्यात करायचं होतं. चौथ्या दिवशी डोक्यात आलं, ठिपके. जिथं उजेड तिथं ठिपके दाट, एकाला एक चिकटून. जसा उजेड कमी तसे विरळ. बांबूच्या काडीचं टोक चावून बारीक केलं आणि सुरुवात केली. संध्याकाळी हॉलच्या दारात जाऊन मागे बघितलं, तर गेरूच्या भिंतीत खरंच काहीतरी पेटलं होतं. माघी ओरडलीच, "अगं बया!"

संदीपला पिवळा आणि केशरी हवाच होता. मला राग आला, पण करून बघितलं. सूर्याच्या पोटात पांढऱ्यात थोडा हळदीसारखा पिवळा कालवला. तो मळकट दिसायला लागला. मग त्याच्या कडेनं काळपट निळ्याचा एक पट्टा ओढला, आणि काय सांगू, पिवळा लखलखला. निळ्याशेजारी ठेवल्याशिवाय पिवळा पेटत नाही, असं तो पहिल्या दिवशी म्हणाला होता. या एका बाबतीत त्याचं बरोबर होतं. तांबड्याची तर गरजच पडली नाही, भिंतच तांबडी.

आठव्या दिवशी संदीप आला तेव्हा मी त्याला म्हटलं, हे चित्र लॅपटॉपवर मोठं करून दाखवा. मला लाटेची धार बघायची आहे. तो मोठं करत गेला. मी म्हटलं, "खाली न्या, कोपऱ्यात." फळीवरची माणसं डोळ्यांसमोर आली. आणि पाण्यातल्या एकाच्या पाठीवर, नखाएवढ्या जागेत, तोच सूर्याच्या पोटातला पिवळा होता. बाकी सगळा अंधार, आणि पाठीवर एक ठिपका. छापील चित्रात तो दिसत नव्हता.

म्हणजे त्या इंग्रजाला माणसं दिसली होती. मापबिप काही नाही. त्यानं त्या माणसाला उजेड दिला होता, पण हळूच दिला होता. बघणाऱ्याला शोधावा लागेल असा. मला त्या मेलेल्या चित्रकाराचा राग येत होता तो कमी झाला आणि या जिवंत माणसाचा दुप्पट झाला. चित्र घेऊन हिंडतो, उजेडावर भाषण देतो, आणि त्यातलं हे कधी बघितलं नाही मेल्यानं!

मी ठरवलं, माझ्या भिंतीवर हळूच काही होणार नाही.

सूर्यापासून निघालेली वाट मी बघणाऱ्याकडे येऊच दिली नाही. वळवली, आणि उजव्या कोपऱ्यातल्या सहा माणसांवर नेली. आमच्या पद्धतीची माणसं, दोन त्रिकोणांची, हातभर उंच. फळीवर चार, पाण्यात दोन. त्यांच्यावर सगळ्यात जाड पांढरा, त्यात पिवळा. दारातून आत आलं की आधी तीच दिसत. पाण्यातल्या एकावर मी बराच वेळ रेंगाळले. माघी मागे उभी होती. तिनं विचारलं, "वहिनी, हा भाऊ का?" मी म्हटलं, "हो." तिचा चेहरा उतरला. मला तेव्हाच कळायला हवं होतं, की ही घरी जाऊन आईपाशी बोलणार.

गुरुवारी संदीप आला. दारातच थांबला, टाळ्या वाजवल्या, "क्या बात है" म्हणाला. मग जवळ आला आणि टाळ्या थांबल्या.

"पुतळीताई, उजेड चुकीच्या जागी पडलाय."

"कुठं पडायला हवा होता?"

"पाण्यावर. ओरिजिनलमध्ये माणसं अंधारात आहेत."

"ओरिजिनलमध्येही एकावर पडलाय. तुम्हीच लॅपटॉपवर दाखवलात, तुम्हाला दिसला नाही ती गोष्ट वेगळी."

तो कपाळ चोळायला लागला. "हे बघा, इथं लोक जेवायला बसणार. समोर बुडणारी माणसं बघत पापलेट कोण खाईल?"

"आणि पापलेट धरून कोण आणतं?" मी विचारलं. "झाडाला लागतं का?"

अशा माणसांकडे उत्तर नसलं की तारीख असते. म्हणाला, रविवारी उद्घाटन आहे, उद्या आमच्या रंगाऱ्याला, काळ्याला, रोलर घेऊन पाठवतो, ही सहा माणसं गेरूनं झाकू, वरून तुम्ही चार लाटा काढा, विषय संपला. अगदी तांडेलासारखाच बोलला! मी म्हटलं, "हात लावून तर बघा." पण भिंत त्यांची होती, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काळ्याच्या आधी पोचले. आणि माझ्या मागोमाग, जीपमधून उतरून, धोंडीबाई आली. माघी तिच्या मागे खाली मान घालून.

म्हातारी दारातूनच ओरडली, "कुणाला विचारून बुडवलास माझ्या पोऱ्याला?"

हॉलमध्ये खुर्च्या लावणारी पोरं जागच्या जागी थांबली.

"आये, खाली बस," मी म्हटलं.

"नाय बसत! सात दिवसांवर चंदनाचं लग्न आलं. माझ्या भावाची नात ती. मी शब्द दिला का माझी सून चौक काढील. आणि तू इथं त्याचा मुडदा काढून ठेवलास? पूस! आत्ताच्या आत्ता पूस!"

"नाही पुसणार."

"नवऱ्याला मारायला निघालीस, रांडे!"

"मी मारला? दोर मी गुंडाळला त्याच्या पायाला?" माझाही तोल गेला. "चार वर्षं तू त्याला पळपुटा करून ठेवलंयस. बायकोला टाकून पळालेला, आईला टाकून पळालेला! तुला लाज वाटत नाही? तो कामावर मेला, आणि तू त्याला कुण्या बाईच्या घरी नेऊन बसवलंस!"

तिनं माझ्या थोबाडीत मारली. चार वर्षांत पहिल्यांदा. माघी रडायला लागली.

तेवढ्यात संदीप आत आला, मागून काळ्या, हातात गेरूचा डबा आणि रोलर. हा काय प्रकार म्हणून बघत राहिला. म्हातारी त्याच्याकडे वळली आणि हात जोडले, "साहेब, ती माणसं पुसा तेवढी."

"अहो आजी, त्याचसाठी आलोय," संदीप म्हणाला. त्याचा चेहरा खुलला. "तुम्ही काळजी करू नका. आत्ता जातात."

बघा, कशी दोघांची गाठ पडली! एकाला पाहुण्यांचं जेवण गोड लागायला हवं, दुसरीला पोरगा जिवंत हवा. दोघांनाही तीच सहा माणसं नको. मी मध्ये एकटी. माझं डोकं इतकं फिरलं की मी बाजूलाच झाले.

"पुसा," मी म्हटलं. "आये, तू ये इकडे, पुढे उभी राहा. नीट बघ. तुझा पोरगा पळालाय ना? मग यात तो नाहीच. ही कुणाची तरी दुसरीच पोरं आहेत. पुसू दे खुशाल."

मी हे दुष्टपणानं म्हणाले. मला तिला रडवायचं होतं. आज बोलायला सोपं नाही, पण तसंच होतं.

काळ्यानं रोलर भिजवला. फळीवरचा पहिला माणूस गेला. रोलर एकदा खाली, एकदा वर, बस. दुसरा गेला. म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी होती. तिसरा गेला, चौथा गेला, फळीही गेली. काळ्यानं रोलर परत भिजवला आणि पाण्यातल्या पहिल्या माणसाकडे नेला. त्या माणसाच्या एका हातात दोर होता, आणि तो हात होता डावा.

देवराम डावखुरा होता. लहानपणी डाव्या हातानं घास घ्यायचा म्हणून म्हातारीनं त्याच्या हातावर चटके दिले होते, तरी तो सुधारला नव्हता. हे त्यानंच मला सांगितलं होतं, हसत. आमच्या चित्रात सगळी माणसं सारखी, नाक नाही, डोळे नाहीत, पण कोणता हात काय धरतो हे काढता येतं. मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. माघीलाही नाही.

"थांब," धोंडीबाई म्हणाली.

काळ्यानं ऐकलं नाही, किंवा ऐकून न ऐकल्यासारखं केलं. रोलर खाली आला. म्हातारीनं मध्ये हात घातला आणि पंजा भिंतीवर दाबून धरला, त्या माणसावर. रोलर तिच्या बोटांवरून गेला.

"डावरा हाय," ती म्हणाली. "हा डावरा हाय."

"आजी, हात काढा, रंग लागतोय," संदीप म्हणाला.

"तुझ्या रंगाला लागो आग!" ती इतकी ओरडली की काळ्या दोन पावलं मागे सरला. "माझा पोऱ्या हाय तो! मेलाय तो माझा! समुद्रात मेलाय, आणि वरून तू त्याला पुसतोस?"

मग भिंतीला धरूनच खाली बसली आणि जे रडली, ते चार वर्षांचं सगळं रडली. त्याचं नाव घेऊन रडली. मेलेल्या माणसासाठी बाया रडतात तशी, एकेक आठवण काढून, सुरात. माघी तिच्या गळ्यात पडली. मीही खाली बसले. माझ्या डोळ्यांतून पाणी येईना. राग इतका होता की पाण्याला वाट मिळत नव्हती.

बऱ्याच वेळानं म्हातारीनं माझा चेहरा आपल्याकडे वळवला. तिचा हात ओल्या गेरूनं भरलेला होता. त्याच हाताच्या अंगठ्यानं तिनं माझं कुंकू पुसलं. जोरात पुसलं, कातडी सोलल्यासारखं.

"चंदनाचा चौक माघी काढील," ती म्हणाली. "तू नको येऊ."

चार वर्षं मला हेच हवं होतं. तिनं म्हणावं, तो मेला. म्हणाली. आता त्याचं कार्य होईल, पाड्यावर कुणी मला बाईबद्दल विचारणार नाही, माझा माणूस त्याच्या मरणासकट मला परत मिळाला. मग माझा राग जायला हवा होता ना? नाही गेला! उलट भडकला. वीस वर्षं कमावलेला माझा हात एका अंगठ्यासरशी गेला. पुरुष समुद्रात मेला, बोटीवाल्याच्या केसाला धक्का लागला नाही, मुकादम अजून गावात फिरतो, आणि देवीच्या भिंतीला हात लावायची बंदी कुणाला, तर मला. मी काय गुन्हा केला? खरं बोलले, हाच. म्हातारीवर राग नाही काढता आला. ती तिला ठाऊक होतं तेच करत होती, आणि रडत करत होती. हे असं होणार हे मला काडी उचलली त्या दिवसापासून माहीत होतं. माहीत असून मी त्याला भिंतीवर काढलं, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा काढेन.

संदीप खाकरला. "पुतळीताई, मला हे माहीत नव्हतं हो. सॉरी. मग ही जी दोन उरलीत ती... ती ठेवू या का?"

"दोन?" मी उभी राहिले. "ती चार कुणाच्या घरची होती?"

"पण तुमचे मिस्टर तर हे..."

"त्या चौघांनाही आया असतील. उजेड सहा जणांवर होता, सहा जणांवरच राहील."

"रविवारी उद्घाटन आहे, मालकांना मी काय सांगू?"

"सांगा, माप कळावं म्हणून ठेवलीत."

तो मोबाइल घेऊन बाहेर गेला, मालकाला विचारायला असेल. मालक काय म्हणणार होता, मला त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. गेरू अजून ओला होता. मी काळ्याला म्हटलं, "रोलर खाली ठेव आणि पंखा लाव, भिंत सुकू दे." त्यानं माझ्या कपाळाकडे बघितलं, मग म्हातारीकडे बघितलं, आणि रोलर डब्यात टाकून पंख्याचं बटण दाबलं.

देवीची भिंत मला बंद झाली होती. ही उघडी होती. मी बांबूची नवी काडी घेतली, टोक दातांनी चावून मऊ केलं, आणि पहिल्या माणसापासून परत काढायला घेतलं.